बिनपाण्याची बाग ऑगस्टमध्ये का मरते?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

उन्हाळा तोंडावर आला की बागेच्या पाण्याचा प्रश्न निघतो आणि गेल्या काही वर्षांत त्यावर एक तयार उत्तर मिळू लागले आहे: ‘मेडिटेरेनियन गार्डन’. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या रो-हाउस आणि बंगल्यांच्या सोसायट्यांत पुढची हिरवळ काढून तिथे पांढरे गोटे, मातीच्या मोठ्या कुंड्या, लॅव्हेंडर, रोझमेरी आणि मधोमध एखादे ऑलिव्ह असा थाट केला जातो. टँकरच्या पाण्यावर पोसलेल्या हिरवळीपेक्षा हा विचार कितीतरी शहाणपणाचा आहे. म्हणूनच तो चुकीच्या पद्धतीने राबवला जाऊन बदनाम होऊ नये, असे आम्हांला मनापासून वाटते. बागा आखणे आणि लावणे हेच काम असलेल्या आम्हा काही जणांचे हे पत्र त्यासाठी.

या बागा एप्रिल-मेच्या उन्हात तग धरतात आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये मरतात. कारण समजून घेतले तर पुढचे सगळे काम सोपे होते. भूमध्य समुद्राच्या काठी पाऊस हिवाळ्यात पडतो. अथेन्सला वर्षाला सुमारे ४०० मिलिमीटर, तोही बहुतांश ऑक्टोबर ते मार्च या दिवसांत. जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे. पुण्यात त्याच्या दीडपटीहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे तिथल्या झाडाला पाणी मिळते तेव्हा माती थंड असते आणि माती तापते तेव्हा ती कोरडी असते. ऊब आणि ओल ही दोन्ही एकदम त्याच्या मुळांच्या सवयीची नाहीत. लॅव्हेंडर, सेज, थाइम, सिस्टस ही झुडपे उन्हाळ्यात वाढ मंद करून स्वस्थ बसतात. त्या देशांतले जाणते माळीसुद्धा भर उन्हाळ्यात सिस्टसला पाणी द्यायचे टाळतात, कारण तापलेल्या ओल्या मातीत मुळे कुजवणारी बुरशी जोर धरते. आपला पावसाळा म्हणजे नेमकी हीच स्थिती, सलग दहा-बारा आठवडे.

रोझमेरीवर हे कसे दिसते ते सांगतो. आधी आतल्या, खालच्या फांद्यांची पाने करडी होऊन काळी पडतात आणि हात लावताच गळतात. शेंडे अजून हिरवे असतात, फक्त दुपारी मान टाकतात. मान टाकलेली पाहून घरातले कुणीतरी तांब्याभर पाणी घालते आणि तिथेच निकाल लागतो. अशा वेळी पाण्याला हात लावण्याआधी बुंध्याजवळची खडी बाजूला सारून साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवी, ओलसर असेल तर आशा आहे. पाणी बंद, बुंध्याभोवतीची माती उकरून हवा खेळू द्यावी. आत तपकिरी असेल आणि मातीला आंबूस वास येत असेल तर मूळ गेले. मग वरचे निरोगी शेंडे चार-चार इंच कापून भरड वाळूत छाटकलमे लावणे एवढेच हाती उरते.

तेव्हा भूमध्य सागरी बागेतून घ्यायची ती पद्धत. झाडे आपल्या पावसाला सोसणारी हवीत. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात बेथ चॅटो या बागकर्तीने १९९१-९२मध्ये आपल्या रोपवाटिकेच्या जुन्या वाहनतळावर खडीची बाग केली. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, खाली वाळू-गोट्यांची निकस जमीन. गाड्यांनी दाबून घट्ट झालेली जमीन त्यांनी आधी खोल फोडली, त्या जागेला सोसतील अशीच झाडे निवडली, एकदा रुजल्यावर त्यांना वरून पाणी द्यायचे नाही असे ठरवले आणि ते पाळले. जमीन फोडणे, निचरा, नेमकी निवड आणि नंतर संयम, हा क्रम आपल्याकडेही जशाच्या तसा लागू पडतो. आपल्या शेतकऱ्याला तर तो नवा नाहीच. डाळिंबाचा बहार धरताना बागेला ‘ताण’ देतात, म्हणजे ठरवून पाणी तोडतात. घरापुढची ही बागही ताणावरचीच आहे.

आता जमिनीबद्दल, कारण निम्मे यश तिथेच ठरते. नव्या बांधकामापुढची जागा म्हणजे वरवर माती आणि खाली राडारोडा, प्लास्टरचे गळालेले ढेकूळ, सिमेंटचा साका. काळी माती असेल तर पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. झाडे आणण्याआधी एक साधी परीक्षा करावी. एक फूट लांब, रुंद, खोल असा खड्डा घ्यावा, काठोकाठ पाणी भरून जिरू द्यावे, मग पुन्हा भरावे आणि दुसऱ्या वेळी पाणी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजावे. इंचभरापेक्षा कमी उतरले तर सपाट वाफ्यात हात घालू नये, वाफा उचलूनच घ्यावा. काळ्या मातीत चार पाट्या वाळू मिसळून काम भागेल असे पुष्कळांना वाटते. थोडी वाळू मिसळलेली काळी माती वाळल्यावर विटेसारखी होते. ती फोडून, उतार देऊन खालीच ठेवावी आणि वर नवा थर चढवावा.

उदाहरणादाखल १५ फूट बाय १२ फूट म्हणजे १८० चौरस फुटांचे अंगण धरू. त्यातले ६० चौरस फूट वाट आणि बसायची जागा, उरलेले १२० चौरस फूट वाफे. हे वाफे फूटभर उंच करायचे तर १२० घनफूट भर लागते. पावसात ती बसते म्हणून दीड ब्रास, म्हणजे १५० घनफूट मागवावी. मिश्रण दहा घमेल्यांच्या हिशेबाने: पाच घमेली पोयटा, तीन घमेली चाळलेला मुरूम, एक घमेले धुतलेली भरड वाळू आणि एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत. शेणखत याहून वाढवू नये. माती सकस झाली की ही झुडपे लुसलुशीत वाढतात, फांद्या पोकळ होतात आणि पहिल्या जोराच्या पावसात लोळतात. मावा आणि पिठ्या ढेकूणही अशाच कोवळ्या वाढीवर येतात. युरियाचे तर नाव काढू नये. वाफ्याची कड डबर सुके रचून करावी, सिमेंटने सांधे भरू नयेत, कारण दगडांच्या फटींतूनच जादा पाणी झिरपून बाहेर पडते.

एक गोष्ट गवंडी आणि माळी दोघेही विसरतात. उचललेला वाफा घराच्या भिंतीला भिडवला आणि माती जोत्यावरच्या डीपीसीच्या, म्हणजे ओल वर चढू न देणाऱ्या, थरापेक्षा वर गेली, तर पावसाळ्यात आतल्या खोलीला ओल येणारच. भिंत आणि वाफा यांत किमान फूटभर मोकळी जागा ठेवावी, तीत खडी भरावी, आणि सगळ्या अंगणाचा उतार घरापासून बाहेर, दहा फुटांना अडीच इंच, असा द्यावा. सखल कडेने नऊ इंच रुंद, सव्वा फूट खोल चर खणून जिओटेक्स्टाइल कापडात गुंडाळलेली खडी भरावी आणि तो चर शोषखड्ड्याला जोडावा. शोषखड्डा काळ्या मातीतच संपवला तर तो पावसाळाभर डबके होऊन राहतो. तो मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा आणि पायापासून दहा फूट लांब ठेवावा.

वरून खडीचा थर दोन इंचांचा पुरे. १२० चौरस फुटांना २० घनफूट लागते. वाटेवर तीन इंचांची १५ घनफूट धरली तर सगळी मिळून ब्रासच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. अर्धा ते पाऊण इंची, चाळून पूड काढलेली खाणीतली खडी घ्यावी. पूड राहिली तर पहिल्या पावसात तिचा पापुद्रा बसतो आणि पाणी वरून वाहून जाते. पांढऱ्या गोट्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. बाजारात मिळणारे पांढरे खडे पुष्कळदा संगमरवराचे, म्हणजे चुन्याचेच असतात. आपल्या बऱ्याच जमिनी आणि बोअरचे पाणी आधीच चुनखडीयुक्त. त्यात ही भर पडली की मोगरा, जास्वंद, एक्झोरा यांना लोह मिळत नाही आणि शिरा हिरव्या, मधले पान पिवळे अशी पाने दिसू लागतात. शिवाय पश्चिमेच्या उन्हात हे खडे खिडकीत आणि पानांच्या खालच्या बाजूला झळ मारतात. आपला काळा दगड तापतो हे खरे, पण दुसऱ्या वर्षी झुडपांनी तो झाकला की ती अडचण उरत नाही.

आणि खडीखाली प्लास्टिकचा कागद कधीही घालू नये. तण येऊ नये म्हणून तो घालतात. पावसाचे पाणी खाली जात नाही, झाडासाठी पाडलेल्या भोकांतून तेवढे उतरते आणि नेमके बुंध्याशी साचते. हवा न लागल्याने माती आंबते, मुळे वर कागदालगत पसरतात आणि मग एप्रिलच्या उन्हात तीच आधी भाजतात. तणांसाठी मार्च-एप्रिलमध्ये जमीन भिजवून पारदर्शक पातळ प्लास्टिक कडा मातीने दाबून पाच-सहा आठवडे अंथरावे आणि मग काढून टाकावे. त्या उष्णतेने गाजरगवताचे वरच्या थरातले बी बऱ्यापैकी मरते. हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी मात्र त्याला दाद देत नाहीत, त्या कुदळीने खणून वेचूनच काढाव्या लागतात. विकत आणलेल्या मातीतूनही लव्हाळा येतो. ट्रॉली उतरवण्याआधी दोन-चार ठिकाणी माती चाळून पाहिली तर पुढची दोन वर्षे वाचतात.

झाडांकडे वळू. भूमध्य सागराच्या काठची म्हणून जी झाडे आपण फोटोत पाहतो, त्यांतली काही शतकानुशतके आपल्या परसात आहेत. कण्हेर भूमध्य सागरापासून आपल्या देशापर्यंत नैसर्गिकरीत्या वाढते. पॉम्पेईच्या भिंतीचित्रांतही ती रंगवलेली आहे. डाळिंब, अंजीर, द्राक्ष तिकडच्या अंगणांतली आणि इकडच्या मळ्यांतली. गजऱ्यात ओवायचा मरवा हा तर सायप्रस-तुर्कस्तानाकडचाच. अंजीर पुरंदरच्या उतारांवर पिकते ते निचऱ्याच्या जमिनीमुळे. अंगणात लावायचे तर पाण्याची टाकी आणि ड्रेनेजपासून दहा फूट लांब लावावे, मुळे फटी शोधत जातात. आणि पावसाळ्यात पानांवर तांबेरा येतो हे गृहीत धरावे. डाळिंब हस्त बहाराचे, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांचे, धरले तर फळे पावसातून सुटतात आणि तेल्या रोगाचा उपद्रव कमी राहतो.

लॅव्हेंडरचा निळसर-जांभळा रंग आणि करडी पाने हवी असतील तर आमची पहिली पसंती निर्गुंडीला आहे. भूमध्य सागरी बागांत जी व्हायटेक्स लावतात तिचीच ही सख्खी बहीण. पानाची खालची बाजू रुपेरी, चुरगाळल्यावर उग्र वास, निळसर तुरे; पाऊस आणि दुष्काळ दोन्ही सोसते आणि जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. मेअखेरीस गुडघ्याएवढी छाटली की पावसात भरगच्च फुटते. एकच बुंधा ठेवून वाढवली तर चार-पाच वर्षांत तिचे छोटे, वाकडे-तिकडे, ऑलिव्हसारखे दिसणारे झाड होते. खरे ऑलिव्ह दख्खनमध्ये जगते, पण फुलायला त्याला हिवाळ्यातली जी थंडी लागते ती इथे पुरेशी पडत नाही; फळाच्या आशेने महागडे झाड आणू नये. लॅव्हेंडरच्याच प्रजातीतली बायपिनाटा आणि गिब्सोनाय ही रोपे आपल्या माळांवर आणि डोंगरउतारांवर रानोमाळ फुलतात हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती नर्सरीत सहसा मिळत नाहीत, आणि डोंगरावरून उपटून आणू नयेत.

पिवळ्यासाठी तरवड, उन्हाळ्यात लाल फुलांसाठी धायटी, दिवाळीच्या सुमारास कोरांटी, वर्षभर सदाफुली, भिंतीवर बोगनवेल, कडेला कोरफड आणि पानओवा. चराच्या सखल बाजूला वाळा लावावा. पाणी साचले तरी आणि आटले तरी तो टिकतो, आणि वाऱ्यावर डोलणाऱ्या गवताची फोटोतली जागाही भरतो. उंच सडपातळ सरूच्या जागी आसूपालव चालतो, फक्त त्याला थोडे जास्त पाणी लागते. झटपट आडोसा म्हणून कोनोकार्पस खपवला जातो, तो घेऊ नये. गुजरातने २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. कण्हेर, बिट्टी, रुई विषारी आहेत. फाटकाजवळ, लहान मुलांच्या हाताशी किंवा गुरांच्या तोंडी येतील अशा जागी ती नकोत, छाटणी करताना हातमोजे घालावेत आणि छाटलेल्या फांद्या जाळू नयेत.

रोझमेरी, थाइम, मरवा, दातेरी पानांचे लॅव्हेंडर यांची हौस असेल तर ती सोळा इंची किंवा त्याहून मोठ्या मातीच्या कुंड्यांत, निम्मी माती आणि निम्मी खडी-भरड वाळू अशा मिश्रणात ऑक्टोबरमध्ये लावावीत आणि जूनमध्ये कुंड्या पागोळीच्या आत, पण उजेडात, सरकवाव्यात. चकचकीत रंगवलेल्या कुंडीतून ओल बाहेर पडत नाही, कच्च्या भाजणीच्या उघड्या मातीच्या कुंडीतून पडते. थंडीत चांगले फुलून पावसाळ्यात लॅव्हेंडर गेलेच, तर त्यात माळ्याचा दोष धरू नये.

रोपे किती? १२० चौरस फुटांत मोठी झुडपे तीन, पाच-पाच फुटांवर. मध्यम आठ-दहा, अडीच फुटांवर. बुटकी वीसेक, फूट-सव्वा फुटावर. पहिल्या दिवशी हे विरळ दिसते, आणि इथेच कंत्राटदार दुप्पट रोपे ठोकतो. दोन वर्षांत ती एकमेकांच्या मुळांत शिरतात, आतली हवा कोंडते आणि पावसात तिथूनच कूज सुरू होते.

लावताना पिशवी उलटून मुळे पाहावीत. हल्ली बरीच रोपे कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, येतात. हा गोळा तसाच खडीच्या वाफ्यात बसवला तर पावसात तो स्पंजासारखा भिजत राहतो, आणि उन्हाळ्यात एकदा वाळला की वरून कितीही पाणी द्या, ते कडेने निघून जाते आणि गोळा आत कोरडाच राहतो. रोप बादलीत अर्धा तास बुडवून निम्मे कोकोपीट हाताने धुऊन काढावे, पिशवीच्या आकारात गोल फिरलेली मुळे दिसली तर सुरीने तीन उभे छेद द्यावेत, आणि रोप आजूबाजूच्या मातीपेक्षा इंचभर वर राहील असे बसवावे. बुंध्याला माती किंवा शेणखत लावू नये, तिथे फक्त खडी. स्थानिक झुडपे जूनअखेर दोन-तीन पाऊस झाल्यावर लावावीत. त्या पहिल्या पावसांत छत्री घेऊन वाफ्यांकडे एकदा पाहून यावे; दुसऱ्या दिवशीही पाणी थांबलेले दिसले, तर रोप लावण्याआधी तिथला उतार दुरुस्त करावा.

पाणी कमी लागते याचा अर्थ पहिल्या वर्षीही लागत नाही असा नाही, आणि हा गैरसमज मेमध्ये नवी झाडे मारतो. ऑक्टोबर ते मे, दर चार-पाच दिवसांनी प्रत्येक झुडपाला आठ लिटर: ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर, बुंध्यापासून फूटभर दूर, एक तास. दुसऱ्या उन्हाळ्यात दहा दिवसांनी बारा लिटर. तिसऱ्या उन्हाळ्यापासून तीन आठवड्यांनी एकदा. निर्गुंडी, तरवड, धायटी यांना तेही बहुतेक लागत नाही. रोज चुळकाभर पाणी दिले तर मुळे वरच खेळत राहतात. ओल खाली आहे की नाही हे आठ मिलिमीटरची सळई खुपसून पाहावे. फूटभर सहज गेली तर त्या दिवशी पाणी नको. गच्चीवरच्या टाकीवर ठिबक चालवताना ध्यानात ठेवावे की दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो. एकमजली घराच्या टाकीचा दाब त्याच्या निम्माच असतो, म्हणून दाबनियंत्रित ड्रिपर न घेता कमी दाबावर चालणारे साधे घ्यावेत. बोअरचे पाणी असेल तर जाळीचा फिल्टर हवाच, आणि महिन्यातून एकदा नळीचे टोक उघडून साका वाहू द्यावा.

तुलनेसाठी, १२० चौरस फूट हिरवळीला एप्रिलमध्ये दिवसाला सहा मिलिमीटर पाणी धरले तरी सुमारे ६७ लिटर, महिन्याला २,००० लिटर लागतात. एवढ्याच जागेत दुसऱ्या वर्षातली बारा झुडपे महिन्याला ४३० लिटरच्या आसपास भागवतात.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. बागेचे काम देताना करारात पावसाळ्याची अट घालावी. सध्या लागवडीनंतर महिनाभराने सगळे बिल चुकते होते, तेव्हा झाडे हिरवीच असतात. एकूण रकमेचा चौथा हिस्सा दसऱ्यापर्यंत राखून ठेवावा आणि तोवर किती झुडपे जगली हे मोजून द्यावा. करारात खड्ड्याच्या परीक्षेचा आकडा, भरीचे प्रमाण आणि ‘खडीखाली प्लास्टिक नाही’ हे तीन मुद्दे लेखी घ्यावेत. खोदकाम सुरू असताना शोषखड्ड्याला मुरूम लागला का, हे समितीतल्या कुणीतरी स्वतः वाकून पाहावे, कारण चर बुजल्यावर ते तपासता येत नाही.

आपले नम्र,
बाग आखणी व लागवडीच्या कामातील काही जण, पुणे